सारवलेली आग

आम्ही दोघं जिथं जातो तिथं आमच्या आधी आग जाऊन आलेली असते. त्यामुळे आमचं स्वागत वगैरे सहसा होत नाही. माणसं रडत तरी असतात, नाहीतर खोटं तरी बोलत असतात, आणि चहाचं भांडं बहुतेक वेळा जळक्या सामानात सापडतं. रत्नागिरीला मात्र असं स्वागत झालं की मी दारातच कपाळावर हात मारून घेतला. तिकडे न गेलेल्यांसाठी हे लिहून ठेवतेय. गेलेल्यांना यात नवल वाटायचं नाही.

दोघं म्हणजे मी आणि जगदाळेकाका. पुण्यातल्या एका सर्व्हेअरच्या कचेरीत आम्ही काम करतो. विमा उतरवलेल्या जागेला आग लागली, की ती कशानं लागली ते शोधून लिहून द्यायचं, हा आमचा धंदा. या धंद्यात ठरवून आलेला माणूस मला अजून भेटायचाय. मी शिकलेली केमिकल इंजिनिअर. एका रंगाच्या कारखान्यात नवीनच लागले होते, तेव्हा मीटिंगमध्ये साहेबांनी विचारलं, "आग विझवायची यंत्रणा कोण बघणार?" बाकीचे सगळे पटकन छताकडे बघायला लागले. मला जरा उशीर झाला. त्यानंतर पाण्याचे फवारे, पाइप आणि पंप यांचे हिशोब करत आयुष्यभर छताकडेच बघायची वेळ माझ्यावर आली, आणि तिथून मी या कचेरीत.

जगदाळेकाका कराडकडचे. तालमीतला गडी, सैन्यात जायला म्हणून भरतीला गेले, चुकून शेजारच्या रांगेत उभे राहिले आणि अग्निशमन दलात भरती झाले. रांग चुकली हे त्यांना आत गेल्यावर कळलं, पण तोवर छाती मोजून झाली होती. स्टेशन ऑफिसर होऊन निवृत्त झाले आणि घरी बसवेना म्हणून आमच्याकडे आले. कचेरीत आणखी एक जण आहेत ते मूळचे वायरमन, आणि एक जण औषधं विकण्यात अपयश आलं म्हणून प्रयोगशाळेत शिरलेले. आगीच्या घरात आम्ही सगळे दत्तकच. माझी आई म्हणते, मुलीला चुलीपुढं बसायला लागू नये म्हणून शिकवली, तर ही आता गावोगावच्या चुली हुंगत फिरते.

चिपळूण स्टँड

दोन हजार तीन सालचा मे. एसटी चिपळूणला थांबली तेव्हा घामानं माझा ड्रेस पाठीला चिकटला होता आणि जगदाळेकाका खिडकीतून हात बाहेर काढून वारा मागत होते. शेजारच्या बाकावर एक निवृत्त मास्तर होते. घाटापासून ते आमच्याकडे बघत होते. कोकणातला माणूस लगेच विचारत नाही, आधी नीट बघून घेतो.

"लेकीला समुद्र दाखवायला निघालात वाटतं," त्यांनी शेवटी काकांना विचारलं.

"लेक नव्हे, साहेब आहेत आमच्या," काका म्हणाले. "आगीच्या तपासाला चाललोय."

"म्हणजे बंबवाले."

"बंबवाला मी होतो. आता नाही. आता आग विझल्यावर जातो."

मास्तरांनी यावर बराच विचार केला. वड्याचा कागद घडी करून खिशात ठेवला. मग म्हणाले, "असं होय. म्हणजे लग्न लागून वऱ्हाड घरी गेलं, की मुहूर्त काढायला येणारे तुम्ही."

मला राग आला. पण गेली कित्येक वर्षं मी माझं काम लोकांना समजावून सांगत होते, त्यात इतकं नेमकं मलाही सांगता आलेलं नव्हतं.

आप्पांचं घर

गावाचं नाव लिहीत नाही, तसं कबूल करून आलेय. रत्नागिरीतून रिक्षानं खाडीच्या अंगानं जायचं, कातळ संपला की उतार लागतो, उताराला आंब्याच्या बागा आणि तळाशी नारळी-पोफळीचं आगर. आप्पा म्हणजे या बागांचे मालक. साठीचे, ताठ, पांढऱ्या शुभ्र बनियनवर पंचा घेतलेले. त्यांच्या घराचा आंबा पंचक्रोशीत प्रसिद्ध, कारण तो अढीतला आंबा. झाडावरून उतरवायचा, भाताच्या पेंढ्यात थरावर थर लावून झाकून ठेवायचा आणि त्याचा तो पिकेपर्यंत वाट बघायची. ती वाट बघण्यालाच अढी म्हणतात असं मला दोन दिवसांनी वाटायला लागलं. बाजारात आंबा झटपट पिवळा करायला कार्बाईडच्या पुड्या ठेवतात, त्यांचा उल्लेखसुद्धा आप्पांच्या ओटीवर शिवीसारखा व्हायचा.

तर अंगणाच्या कडेला असलेली ही आंब्याची खोली, आतल्या आंब्यांसकट, एका संध्याकाळी पेटली होती. शेजाऱ्यांनी विहिरीवरून पाणी ओतून विझवली. आमचं पत्र आधी गेलेलं होतं, आम्ही अमुक दिवशी पाहणीला येतोय म्हणून. जागेला हात लावू नये, हे त्या पत्रात ठळक अक्षरांत असतं.

आम्ही पोचलो तर अंगणात शेणसडा. खोलीच्या दारात रांगोळी. आप्पांनी दार उघडलं आणि अभिमानानं बाजूला झाले. आत जमीन शेणानं सारवलेली, अजून ओलसर, बोटांच्या रेघा सारख्या काढलेल्या. भिंती घासून धुतलेल्या. जळकं छप्पर उतरवून वर नारळाचे झाप टाकलेले. एक काजळीचा ठिपका राहिला असेल तर शपथ. मधोमध आमच्यासाठी दोन पाट मांडले होते.

"आगीची जागा कुठाय?" मी विचारलं.

"हीच की."

"मग जळलेलं सगळं?"

"काढलं हो. पुण्याहून माणसं येणार, त्यांना काय राखेत उभं करायचं? आमच्या घराला आग लागल्ये, अब्रूला नाही."

"पत्रात लिहिलं होतं, हात लावू नका."

"हात कुणी लावला? फावड्यानं काढलं सगळं," आप्पा म्हणाले.

आमच्या धंद्यात आग वाचायची असते. कुठं कोळसा खोल गेलाय, भिंतीवर धूर कसा चढलाय, काय आधी कोसळलं, काय नंतर. इथं लिहिलेला फळाच पुसून, वर रांगोळी काढून ठेवलेला. मी पाटावर बसले. जगदाळेकाका मात्र आत आलेच नाहीत. ते घराला बाहेरून एक फेरी मारून आले आणि म्हणाले, "मॅडम, पाणी मागवा. मग बोलू."

पाणी घेऊन आल्या त्या काकू, आप्पांच्या पत्नी. बारीक, पायात चपला नाहीत, हाताला अजून शेणाचा वास. "सारवलंय मी," त्या म्हणाल्या. "चुकलं का काही?" मला नाही म्हणवेना. "छान सारवलंय," मी म्हणाले. आजवरच्या नोकरीत आगीच्या जागेबद्दल मी हे वाक्य कधी उच्चारलं नव्हतं.

पुरावा जेवणात

आमच्याकडे नियम आहे की ज्याची आग त्याच्या घरी जेवायचं नाही. दुपारपर्यंत मी तो पाळला. मग काकूंनी विचारलं, "आमच्याकडचं चालत नाही का?" आणि त्यांचा चेहरा बघून मी निमूट पानावर बसले. फणसाची भाजी, आमटी, भात, सोलकढी आणि वाटीत साखरआंबा. साखरआंब्याला किंचित धुरकट वास होता. छानच लागत होता, मी दुसऱ्यांदा घेतला.

"जळलेल्या आंब्यांचा आहे," आप्पा म्हणाले. "जे आतून भाजले गेले ते टाकवेनात. थोड्याचं पन्हं केलं, थोड्याची साठं उन्हात वाळत घातल्येत, उरल्याचा हा."

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी चमचा तोंडात धरूनच त्यांच्याकडे बघितलं. पुरावा आम्ही चाटून पुसून खाल्ला होता.

पुण्यात आग लागली तर जळकं सामान फुटपाथवर दोन महिने पडून राहतं. कोकणात काहीही पडून राहत नाही. चौकशी केली तेव्हा कळलं की जळके वासे गेले न्हाणीच्या चुलीसाठी, अर्ध्या घरांत. ढासळलेले चिरे गेले कुंपणाच्या गडग्याला. कौलांचे तुकडे पायवाटेवर. राख गेली माडांच्या आळ्यांत आणि शेजारणींच्या भांडी घासायच्या डब्यांत. विजेचं बटण-बोर्ड आणि वायरी गेल्या मिरकरवाडा बंदरावर भंगारात. आमची आग गावभर वाटली गेली होती, एखाद्या घरी मुलगा झाल्यावर पेढे वाटतात तशी.

तीन दिवस आम्ही दारोदार हिंडलो. प्रत्येक घरी बसवायचे, कोकम सरबत द्यायचे, मग विचारायचे, "पण तुम्ही नेमके कोण?" एका घरानं मला वीज मंडळाची समजून मीटर दाखवला. दुसऱ्या घरी इंजिनिअर म्हटल्यावर मिक्सर पुढ्यात आणून ठेवला, आणि सांगायला लाज वाटत नाही, मी तो दुरुस्त केला. कामाबद्दल कुणाला काही विचारलं तर एकच उत्तर मिळायचं. आग कशानं लागली? त्यात काय शोधायचं? वहिनींच्या दिव्यानं.

ते असं होतं. अढी घातली की ती संपेपर्यंत रोज तिन्हीसांजेला काकू त्या खोलीतल्या कोनाड्यात, गणपतीच्या तसबिरीपुढं निरांजन लावायच्या. लग्न होऊन आल्यापासून लावत होत्या. त्या दिवशी लावलं आणि खोली पेटली. वर सगळे न चुकता पुढचं सांगायचे, "पण आप्पा देवमाणूस हो. एवढं नुकसान झालं, बायकोला एका शब्दानं बोलले नाहीत."

काकू हे सगळं ऐकत वावरत होत्या. त्यांनी देवघरातला दिवासुद्धा लावायचा बंद केला होता, तो आता आप्पांची भाची येऊन लावून जायची. आणि या वर्षी आंबा खायचा नाही असं त्यांनी ठरवलं होतं. रत्नागिरीत, मे महिन्यात, आंब्याच्या घरातल्या बाईनं आंबा सोडायचा. आमच्या पानात साखरआंबा वाढताना त्या नजर वर करायच्या नाहीत. मला ते पाहवत नव्हतं. निरांजनाच्या एवढ्याशा ज्योतीनं चिऱ्याच्या भिंतीतल्या कोनाड्यातून, मध्ये एवढं अंतर असताना, अख्खी खोली एका झटक्यात कशी पेटेल, हा माझा प्रश्न होता. पण प्रश्नाला पुरावा लागतो, आणि तो मी दोनदा मागून घेऊन खाल्ला होता.

मिरकरवाडा

वायरिंगचा दोष निघाला तर काकू सुटतील, या आशेनं मी मिरकरवाड्याला गेले. जगदाळेकाका वेगळ्या आशेनं आले. चार दिवस फणसाची भाजी खाऊन त्यांचा चेहरा उतरला होता. बंदरावर ट्रॉलर लागलेले, बर्फ फोडण्याचे आवाज, मासळीचा लिलाव ऐन रंगात. लिलाव करणारा काय बोलतो ते मला एक अक्षर कळलं नाही, पण काका सुरमईच्या ढिगापुढं असे उभे राहिले की त्यानं बोली त्यांच्या नावावर तोडली. ती सोडवून घेताना माझा घसा बसला.

भंगारवाले हुसेनभाई जाळ्यांच्या ढिगामागे बसले होते. आगीतला बोर्ड हवाय म्हटल्यावर त्यांनी हात पसरून सगळा गाळा दाखवला. "बाई, माझ्याकडे येतं ते सगळं जळलेलं नाहीतर बुडालेलं. तुम्हाला कुठलं?" ऊन उतरेपर्यंत उपसलं तेव्हा आप्पांच्या खोलीचा बोर्ड मिळाला. चिनी मातीचे फ्यूज धुरकटले होते पण तार शाबूत. वायरींवर शॉर्ट सर्किटची खूण नाही. हाताला ग्रीस, केसांना माशांचा वास आणि निष्कर्ष शून्य. काकांनी मात्र तेवढ्यात एका खानावळीत ताट संपवलं होतं आणि ते जगाशी समाधानानं वागत होते.

संध्याकाळी आप्पांच्या ओटीवर मी काकूंना थकून सांगितलं, की वायरिंग ठीक होतं.

"पण त्या वेळेला लाईट नव्हतीच," काकू म्हणाल्या. "रोजचं लोडशेडिंग. आग लागली तेव्हा अंधारच होता."

"मग सकाळी सांगायचं नाही का?"

"तुम्ही विचारलं कुठं? तुम्ही भंगारवाल्याचा पत्ता विचारलात."

काका हसले. मी नाही हसले. मग काकांनी आपला पाट जवळ ओढला आणि काकूंना म्हणाले, "वहिनी, आवाज कसा झाला हो?" त्या जरा घुटमळल्या. म्हणाल्या, "भप्पकन. गॅसची शेगडी पेटताना होतो ना, तसा. पण घराएवढा. मी यांना सांगितलं तेव्हाच. हे म्हणाले, घाबरल्येस, भास झाला." आप्पा झोपाळ्यावर होते. ते उठून आत गेले.

लसणीचा वास

दुसऱ्या दिवशी सकाळी गडग्यापलीकडून हाका आल्या. शेजारच्या गोदूताई, पंचाहत्तरीच्या, एकट्या राहणाऱ्या, हातात पत्र्याचा झाकणाचा डबा. "ती राख घेऊन जा तुमची मेली," त्या म्हणाल्या. "हात बघा माझे, कसे सोललेत. आणि भांड्यांना लसणीचा वास. माझ्या घरात लसूण येत नाही हो. आप्पाच्या घरात लसणीचं चालतं, आणि तेही राखेत लपवून, हे मला या वयात कळायचं होतं."

मी डबा उघडला. राखेत पांढरे खडे होते, बाहेरून चुन्याचं कवच धरलेले. मी एक उचलून पायरीवर ठेवला, दगडानं फोडला आणि लोट्यातलं पाणी वर शिंपडलं. खडा फसफसला, पाणी गरम झालं आणि तो वास आला.

"वेल्डिंगचं दुकान," काका मागून म्हणाले.

"कॅल्शियम कार्बाईड," मी म्हणाले.

दोघं एकदमच बोललो. हे मी पुस्तकात शिकले होते आणि ते पेटलेल्या दुकानांत. कार्बाईडला पाणी लागलं की गॅस सुटतो, तोच वेल्डिंगला वापरतात. एखादी पुडी आंब्यात ठेवली तर दमट हवेनं थोडाथोडा सुटतो. पण ओल्या जमिनीवर पिशवीच्या पिशवी टेकवली, दार बंद राहिलं, तर खोली गॅसनं भरते. कुणी दार उघडलं की तो जरा विरतो, ओढून घेतलं की पुन्हा साठतो. मग त्या खोलीत नुसती ठिणगीसुद्धा पुरते.

"म्हणजे लसूण नाही?" गोदूताईंनी विचारलं. "नाही," मी म्हणाले. त्या जराशा हिरमुसल्याच.

आप्पांना आम्ही विहिरीपाशी गाठलं. मी खडा तळहातावर धरला. त्यांनी बघितला आणि कठड्यावर बसले.

"एकदाच," ते म्हणाले. "मुंबईला एका लग्नाची ऑर्डर होती. अढी तयार नव्हती. शब्द दिला होता. पिशवी आणली आणि पेंढ्यामागे ठेवली. हिनं सकाळी सारवलं होतं, जमीन ओली होती, ते लक्षात आलं नाही."

"आणि दिव्याचं नाव झालं."

"मी तिला एका शब्दानं बोललो नाही."

"तेच तर म्हणतेय," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता.

आप्पा म्हणाले, "मी मागणी मागे घेतो. विमा नको मला. मागणीच नाही म्हटल्यावर तुम्हांस लिहायचं काही कारण उरत नाही. मला चोर म्हणा बाई, पण कार्बाईडवाला म्हणू नका. तीन पिढ्यांचं नाव आहे."

आमच्या कामाची एक शिस्त आहे. जे सापडतं ते ज्यानं पाठवलं त्याला सांगायचं, शेजाऱ्यापाजाऱ्यांना नाही, घरातल्यांनाही नाही. मागणी मागे घेतली की आमचं काम संपलं, बॅगा भरायच्या. काकूंच्या माथी मात्र जन्मभर दिव्याचा दोष राहणार आणि आप्पा देवमाणूस. मी काकांकडे बघितलं, हे काहीतरी बोलतील म्हणून. ते नुसते "बरं" म्हणाले. त्या क्षणी मला त्यांना विहिरीत ढकलावंसं वाटलं. पैलवान होते म्हणून वाचले.

शेवटचं जेवण

निघायच्या दिवशी काकूंनी कुळथाचं पिठलं आणि घावन केले होते. खास काकांसाठी, कारण फणसाचा त्यांना कंटाळा आलाय हे न सांगताच त्यांना कळलं होतं. आप्पा, काका आणि मी ओळीनं बसलो. आप्पांची मान खाली होती. मी रागानं जेवत होते, म्हणजे जास्तच जेवत होते.

काकूंनी भात वाढला तेव्हा काका म्हणाले, "वहिनी, एक राहूनच गेलं विचारायचं. दिवा लावून तुम्ही बाहेर आलात, तर भडका झाला तेव्हा कुठवर पोचला होतात?"

मी आगीकडे जाते तेव्हा माझा पहिला प्रश्न असतो, काय पेटलं. काकांच्या जुन्या नोकरीत पहिला प्रश्न वेगळा असतो. तिथं गाडीवरून उतरताच विचारायचं, आत कोण आहे. तो इतक्या दिवसांत त्या घरात कुणीच विचारला नव्हता.

"देवघरात," काकू म्हणाल्या. "एरवी मी येत नाही हो बाहेर. दार ओढून घेत्ये आणि स्तोत्र पुरं होईपर्यंत आतच बसत्ये, वाऱ्यानं दिवा जाऊ नये म्हणून. त्या दिवशी दिवा लावला आणि बघत्ये तर उदबत्ती संपलेली. ती आणायला म्हणून दार ओढून गेल्ये."

"म्हणजे उदबत्ती असती तर आत असता."

"असत्ये की."

काकांनी मान हलवली आणि पिठलं भातावर घेतलं. काकूंनी आमटीचं भांडं उचललं. आप्पांचा हात मात्र भातात तसाच राहिला होता. त्यांनी घास केलेला होता, तो त्यांना उचलता येईना. या माणसानं इतके दिवस आपलं नाव सांभाळलं होतं, नुकसान सोसलं होतं, बायकोला दोष लागू दिला होता, आणि ती त्या खोलीत जळून गेली असती हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

"उदबत्ती संपली होती?" त्यांनी विचारलं. आवाज ओळखू येत नव्हता.

"हो. का?"

आप्पा पानावरून उठले. कोकणात भरल्या पानावरून कुणी उठत नाही, काकू तशाच थबकल्या. "पेंढ्यामागे कार्बाईड होतं," आप्पा म्हणाले. "मी ठेवलं होतं. गॅस त्याचा. दिव्यानं आग नाही लागली, मी लावली. मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं."

काकूंनी आमटीचं भांडं खाली ठेवलं. मला वाटलं त्या रडतील. मी असते तर भांडं फेकून मारलं असतं.

"मग मी इतके दिवस देवापाशी कुणासाठी माफी मागत होत्ये?" त्यांनी विचारलं.

आप्पा माझ्याकडे वळून म्हणाले, "लिहा तुम्हांस काय सापडलं ते. सगळं लिहा."

काकूंनी पदराला हात पुसले. आत गेल्या, देवघरातून निरांजन, तेलाचा गडू आणि काड्यापेटी आणली आणि आप्पांच्या उष्ट्या हाताकडे बघत उभ्या राहिल्या. "हात धुवा आधी," त्या म्हणाल्या. आप्पांनी धुतले. "आता जा त्या खोलीत आणि लावा. दार ओढून घ्या. मी घेत असे तसं."

भर दुपारी, रिकाम्या सारवलेल्या खोलीत आप्पा दिवा घेऊन गेले. दार ओढलं गेलं. आम्ही तिघं अंगणात उभे. आतून काड्या ओढल्याचा आवाज येत होता, एक, मग आणखी, मग आणखी. या माणसानं आयुष्यात कधी वात केली नव्हती हे बाहेरूनही कळत होतं. "वात पुढं घ्या," काकूंनी दाराशी तोंड नेऊन सांगितलं. "आणि तेल कमी." मग आत शांत झालं. दाराच्या फटीत उजेड दिसला.

आप्पा बाहेर येईनात. जगदाळेकाका अस्वस्थ झाले, एक पाय पुढं टाकून उभे राहिले. मीही पुढं सरकले होते, खोलीत आता काही नाही हे मला ठाऊक असूनही. काकू मात्र हलल्या नाहीत. आतून आप्पांच्या नाक ओढण्याचा आवाज आला, तो संपेपर्यंत त्यांनी वाट पाहिली. मग पुढं होऊन त्यांनी स्वतः दार उघडलं.

"बाहेर या आता," त्या म्हणाल्या. "भात निवतोय."